छपराचं काम थंडीतच उरका

चुलीपुढे असाल, दळण निवडत असाल किंवा अंगणात शेकोटीला बसला असाल, तर एकदा मान वर करून आपल्या घराच्या छपराकडे बघा. आजचं बोलणं त्याच्याबद्दल आहे.

तुम्ही म्हणाल, पाऊस तर कधीच गेला, आता छपराचं काय? हाच प्रश्न घेऊन मी आज आले आहे. नाशिक जिल्ह्यात आमच्या गटांचं काम चालतं. गटांच्या कर्जवह्या चाळल्या की एक गोष्ट लगेच दिसते. घरदुरुस्तीची कर्जं सगळी मे आणि जून महिन्यात दाटीवाटीने येतात. आभाळात ढग दिसायला लागले की दहाजणींच्या गटात पाच-सहाजणींना एकाच बैठकीत पैसे हवे असतात. पेटीत तेवढे पैसे नसतात. त्याच दिवसांत बियाणं, खत आणि पोरांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च अंगावर आलेला असतो. मिस्त्री सगळ्या गावाला एकदमच हवा असतो, त्यामुळे तो कोणालाच वेळेवर मिळत नाही. मग कोणी सावकाराच्या दारात जातं, तर कोणी प्लास्टिकचा कागद अंथरून, त्यावर दगड ठेवून पावसाळा काढतं.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे, की छपराचं काम दिवाळीपासून शिमग्यापर्यंतचं आहे. या दिवसांत गळतीच्या खुणा ताज्या असतात, सामान कोरडं राहतं, मिस्त्री मोकळा असतो आणि भात, सोयाबीन किंवा मक्याचे चार पैसे हातात आलेले असतात. दुसरं कारण असं, की थंडी स्वतःसुद्धा छप्पर बिघडवत असते. ते आपल्या लक्षात येत नाही, कारण तेव्हा पाणी गळत नाही.

थंडी छपराला काय करते

आधी पत्र्याचं बघू. थंडीत रात्री जेवणं झाल्यावर पत्रे टकटक, कडकड वाजतात, हे तुम्ही ऐकलं असेल. लहान मुलं घाबरतात. तो आवाज पत्रा आखडण्याचा असतो. लोखंड तापलं की वाढतं आणि गार झालं की आखडतं. आपल्याकडे निफाडला थंडीत पारा ५ अंशांच्या खाली जातो आणि दुपारी तोच पत्रा उन्हात हात लावू देत नाही. बारा फुटी पत्रा पहाटे १० अंशांवर असेल आणि दुपारी ५० अंशांपर्यंत तापला, तर त्याची लांबी सुमारे पावणेदोन मिलिमीटरने वाढते. हे फार वाटत नाही. पण रोज वाढणं आणि रोज आखडणं असं चार महिने चाललं, की ज्या हुकाने किंवा स्क्रूने पत्रा धरलेला असतो, त्याच्याभोवतीचं भोक रुंद होत जातं. वॉशर सुकून तडकतो. हुक सैल होतो. जूनच्या पहिल्या पावसात पाणी नेमकं तिथूनच आत येतं आणि वळवाच्या वाऱ्यात पत्रा तिथूनच उचलला जातो.

दुसरी गोष्ट दवाची. पुष्कळ बायका म्हणतात, “ताई, पाऊस नाही तरी सकाळी अंथरूण ओलं असतं, पत्रा गळतो.” तो गळत नसतो. स्वच्छ आभाळाच्या रात्री पत्रा हवेपेक्षाही गार होतो. घरात माणसांचा श्वास, चुलीवरची वाफ, ओले कपडे यांची दमट हवा वर जाते आणि त्या गार पत्र्याला लागून तिचं पाणी होतं. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो ना, तसंच ते आहे. ओळखायची खूण सोपी आहे. पाऊस नसताना, पहाटे, पत्र्याच्या आतून सगळीकडे बारीक थेंब दिसले तर ते दव. पाऊस असताना एकाच जागी धार लागली किंवा एकाच जागी डाग पडला तर ती गळती. हा फरक कळला नाही, तर दवासाठी डांबर फासण्यात पैसे जातात आणि थेंब पडायचे थांबत नाहीत.

दवावर उपाय म्हणजे हवा खेळती ठेवणं. थंडी वाजते म्हणून आपण आढ्याजवळची आणि वळचणीची सगळी फट चिंध्या कोंबून बंद करतो. खालून अंगाला लागणारा वारा अडवा, पण वर आढ्याजवळ दोन्ही बाजूंना हवा बाहेर जायला वाट ठेवा. कपडे रात्री घरात वाळत घालू नका. धान्याच्या कोठ्या आणि गोणी फळीवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. पत्र्याखाली बांबूचा तट्ट्या लावता आला तर थेंब अंगावर येत नाहीत आणि उन्हाळ्यात घरही कमी तापतं. मात्र चुलीच्या वर तट्ट्या, कापड, प्लास्टिक यातलं काहीच नको. ठिणगी पडायला वेळ लागत नाही.

तिसरी गोष्ट अवकाळीची. थंडीत पाऊस येत नाही, हा भरवसा आता धरता येत नाही. २०१४ च्या फेब्रुवारी आणि मार्चमधली गारपीट राज्यातल्या बहुतेकांना आठवत असेल. २०२३ च्या नोव्हेंबर अखेरीस आपल्याच जिल्ह्यात अवकाळी आणि गारांनी द्राक्षबागा झोडपल्या. तेव्हा बागांचं नुकसान सगळ्यांनी मोजलं. गारेने तडकलेलं कौल मात्र बऱ्याच घरांत पुढच्या पावसापर्यंत तसंच राहतं, कारण खालून ते दिसत नाही.

आपलं छप्पर कोणतं, तसं काम

पत्र्याचं घर असेल तर दुपारी बारा-एकच्या सुमारास दार-खिडक्या लावून आत उभ्या राहा. डोळे अंधाराला सरावले की पत्र्यातली भोकं उजेडाच्या ठिपक्यांसारखी दिसतात. पोराला काठीला खडू बांधून द्या आणि प्रत्येक ठिपक्याभोवती आतून गोल करून घ्या. मग वर चढणाऱ्याला कुठे काम करायचं हे शोधत बसावं लागत नाही. गंजाची तपकिरी ओघळ जिथून सुरू होते, तिथलं भोकही बहुधा हुकाचंच असतं.

दुरुस्ती करताना तीन गोष्टी मिस्त्रीला विचारा. पहिली, हुक किंवा स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारला आहे ना? नालीत मारला तर सगळं पाणी त्या भोकावरूनच वाहणार. दुसरी, जुना वॉशर काढून नवा घातला का? नुसतं वरून डांबर थापलं तर ते एका उन्हाळ्यात तडकतं. तिसरी, दोन पत्र्यांचा जोड कसा आहे? उताराच्या दिशेने वरचा पत्रा खालच्यावर निदान सहा इंच आला पाहिजे आणि आडव्या जोडात दीड-दोन नाल्या एकमेकींवर बसल्या पाहिजेत. पावसाळी वारा आपल्याकडे पश्चिमेकडून येतो. म्हणून नवे पत्रे टाकायचे तर पूर्वेकडून सुरुवात करायची, म्हणजे जोडाचं तोंड वाऱ्याकडे राहत नाही.

पत्र्यावर दगड, जुने टायर, लाकडाचे ओंडके ठेवायची आपली पद्धत आहे. जोराच्या वाऱ्यात पत्रा उचलला गेला की तेच दगड खाली येतात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर आलं, तेव्हा किती घरांचे पत्रे आणि कौलं उडाली ते आपण टीव्हीवर पाहिलं. वारा पत्रा आधी कडेने, वळचणीपासून उचलतो. म्हणून कडेचे आणि आढ्याजवळचे हुक इतर ठिकाणांपेक्षा जवळजवळ हवेत. वळचणीला पत्र्यावरून लोखंडी पट्टी घालून ती वाशांना बोल्टने कसून घेतली तर दगडांची गरज राहत नाही. भिंतीच्या बाहेर पत्रा दीड फुटाहून जास्त सोडू नका. सावली मिळते, पण वाऱ्याला धरायला तेवढीच जास्त जागा मिळते.

सिमेंटचा पत्रा असेल तर गोष्ट वेगळी. तो बाहेरून भक्कम दिसतो, पण ठिसूळ असतो आणि जुना झाला की माणसाचं वजन घेत नाही. त्यावर पाय देऊन खाली पडलेल्या माणसांच्या बातम्या आपण वाचतो. वाशांवर टेकतील अशा लांब फळ्या टाकल्याशिवाय त्यावर कोणालाही चढू देऊ नका. शिवाय यातल्या पुष्कळ पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. त्याची बारीक धूळ छातीत गेली तर वर्षानुवर्षांनी फुफ्फुसाचा आजार आणि कर्करोगही होऊ शकतो. म्हणून तो पत्रा घरात करवतीने कापायचा नाही, कोरडा घासायचा नाही. फुटलेले तुकडे पाणी मारून, गोणीत बांधून बाजूला ठेवा. ते कुटून अंगणात किंवा वाटेवर भरावाला टाकू नका, पोरं तिथेच खेळतात.

कौलारू घर म्हणजे शाकारणी आलीच. इगतपुरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तिथे एक तडकलेलं कौल घराची भिंत उतरवू शकतं. थंडीत शेवाळ सुकलेलं असतं, ते कोरड्या काथ्याच्या ब्रशने निघतं. पावसात ते निसरडं होतं आणि कौलाच्या जोडात पाणी धरून ठेवतं. फुटलेली कौलं बदला, सरकलेली नीट बसवा, आढ्यावरच्या कौलांचा चुना-सिमेंट सुटला असेल तर तो नव्याने भरा. कौलं काढलेली असतानाच खालचे वासे आणि रिपा बघून घ्या. स्क्रूड्रायव्हरचं टोक लाकडात सहज शिरलं, बोटाने ठोकल्यावर पोकळ आवाज आला किंवा मातीच्या बारीक नळ्या दिसल्या, तर वाळवी लागली आहे असं समजा. वासा कुजलेला असताना वर नवी कौलं टाकणं म्हणजे त्याच्यावर ओझं वाढवणं. दहा-वीस जुनी चांगली कौलं घरामागे रचून ठेवा. त्याच मापाचं कौल ऐन पावसात बाजारात मिळेल याचा भरवसा नसतो.

धाब्याची घरं आता कमी झाली, तरी सिन्नर-येवल्याकडे अजून आहेत. पावसाळ्यात धाब्यावर गवत उगवतं. ते थंडीच्या सुरुवातीला, माती थोडी ओली असतानाच मुळासकट उपटा. सुकल्यावर उपटलं तर वरून तुटतं, मूळ आत राहतं आणि पुढच्या वर्षी पाणी त्या मुळाच्या वाटेने खाली उतरतं. माती वाळली की भेगा पडतात, त्या खाऱ्या मातीने लिंपून ठोकून घ्या. पण एक जपा. दरवर्षी जुन्या थरावर नवी माती टाकत गेलं तर धाबं जाड होत जातं आणि सगळं वजन खालच्या तुळयांवर येतं. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात इतकी माणसं दगावली, त्यामागे दगड-मातीच्या जाड भिंती आणि मातीची जड छपरं हे एक मोठं कारण होतं. म्हणून नवी माती घालण्याआधी जुनी सुटी माती खरवडून खाली उतरवा.

स्लॅब म्हणजे निर्धास्त, असं आपल्याला वाटतं. घरकुल मिळालं, स्लॅब पडला, आता शंभर वर्षं बघायला नको. पण स्लॅबवर पाणी साचलं की ते हळूहळू आत झिरपतं आणि आतल्या लोखंडाला गंज लागतो. गंजलेलं लोखंड फुगतं आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडतं. छताला पांढरे क्षार आले, प्लॅस्टरला पोपडे धरले, सळईच्या रेषेत भेग पडली, या सगळ्या त्याच्या पायऱ्या आहेत. सळई उघडी पडलेली दिसली तर नुसतं प्लॅस्टर लावून झाकू नका, जाणकार माणसाला दाखवा आणि तोवर त्या भागाखाली कोणी झोपू नका.

थंडीत स्लॅबवर करायची कामं बहुतेक आपल्या हातातली आहेत. पाणी जायच्या पाइपाच्या तोंडाशी पालापाचोळा, माती साठते ती काढा. कठड्याच्या कोपऱ्यात पिंपळाचं रोप उगवलं असेल तर ते बोटाएवढं असतानाच काढा. कडब्याच्या पेंढ्या, गोवऱ्या, मोडका पलंग स्लॅबवर वर्षभर पडलेले असतात, त्यांच्याखाली ओल सुकत नाही. नाही तरी कुरडया-पापडांचं वाळवण घालायला आपल्याला स्लॅब झाडायचाच असतो, ते काम दोन महिने आधी करा. मग चार बादल्या पाणी ओतून बघा. पाणी पाइपाकडे वाहिलं तर उतार बरोबर. एका जागी डबकं राहिलं तर त्या जागेला खडूने रेघ मारा, मिस्त्रीला तेवढीच जागा भरून उतार काढायला सांगा. सिमेंटचं काम झालं की निदान सात दिवस त्यावर पाणी मारा. थंडीत ऊन सौम्य असल्यामुळे सिमेंट भराभर सुकून तडकत नाही. वॉटरप्रूफिंगचा रंग मात्र स्लॅब पूर्ण सुकल्यावरच लावा. पहाटेचं दव उन्हाने उडालं की मग कामाला सुरुवात करायची.

चढण्याआधी

सकाळी दहाच्या आधी कोणी छपरावर चढू नये. दवाने पत्रा आणि कौल दोन्ही निसरडी असतात. शिडी खाली कोणीतरी धरलेली असावी. एकट्याने घरात कोणी नसताना चढायचं नाही.

आणि विजेची वायर बघा. खांबावरून मीटरपर्यंत येणारी वायर पुष्कळ घरांत पत्र्याच्या धारेला टेकलेली असते. पत्रा वाऱ्याने हलतो, वायर घासते आणि वरचं आवरण फाटतं. मग सगळ्या पत्र्यात करंट उतरतो. त्या पत्र्याला किंवा लोखंडी खांबाला आपण कपडे वाळवायची तार बांधलेली असते आणि ओले कपडे हातात घेऊन तिथे आपणच जातो. तार लोखंडाची असेल तर ती काढून नायलॉनची दोरी बांधा. वायर टेकलेली दिसली तर हात न लावता वीज कंपनीच्या माणसाला सांगून ती वर घ्यायला लावा.

पैशाचा हिशेब

आता खर्चाचं बोलू. समजा तुमच्या दुरुस्तीला १०,००० रुपये लागणार आहेत. ते तुम्ही जानेवारीत गटातून महिना शेकडा दोन रुपये व्याजाने घेतले आणि दर महिन्याला २,००० रुपये मुद्दल फेडलं. पहिल्या महिन्याचं व्याज २००, मग १६०, १२०, ८० आणि ४०. पाच महिन्यांत एकूण व्याज ६०० रुपये झालं आणि पेरणीच्या वेळेला तुम्ही मोकळ्या झालात. तेच १०,००० जूनमध्ये सावकाराकडून शेकडा पाचने घेतले आणि नोव्हेंबरमध्ये पीक आल्यावर एकदम फेडले, तर पाच महिन्यांचं व्याज २,५०० रुपये होतं. काम एकच, छप्पर एकच. फरक १,९०० रुपयांचा आहे.

सगळं काम एकाच वर्षी झालं पाहिजे असंही नाही. या थंडीत हुक आणि वॉशर बदला, पुढच्या थंडीत पन्हाळ लावा, त्यापुढे वासे बदला. पण ज्या खोलीत धान्य असतं, ज्या खोलीत बाळंतीण, म्हातारं माणूस किंवा शाळेत जाणारी पोरं झोपतात, ती खोली पहिली घ्या.

सुरगाणा, पेठ भागातल्या तायांना वेगळं सांगायचं आहे. तुम्ही दिवाळीनंतर द्राक्षाच्या कामाला निफाड-दिंडोरीकडे येता. चार-पाच महिने घर बंद असतं आणि परत जाता तेव्हा पाऊस दाराशी आलेला असतो. तुमच्यासाठी हे काम घर सोडण्याआधीच्या आठवड्यात बसवावं लागेल. निदान आतून उजेडाचे ठिपके बघून खुणा करून ठेवा, सैल पत्रे बांधा, चुलीची राख विझवून बाहेर काढा. मागे राहणाऱ्या एखाद्या शेजारणीला अवकाळी आला तर घरात डोकवायला सांगून जा.

कागदही तपासा

वादळात, गारपिटीत घराचं नुकसान झालं तर तलाठी पंचनामा करतात आणि सरकारी मदत मिळते. ती किती असते हे माहीत असावं. केंद्राने २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरवलेल्या निकषांत अंशतः नुकसान, म्हणजे किमान १५ टक्के नुकसान झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये आणि कच्च्या घराला ४,००० रुपये धरले होते. राज्य सरकार प्रसंगानुसार वेगळा निर्णय घेतं. पण वाऱ्याने पत्रे गेले तर सरकार नवं छप्पर घालून देईल, या भरवशावर बसता येणार नाही.

आणि ही मदत ज्याच्या नावे घर आहे त्याच्या नावे होते. आमच्या एका गटातल्या ताईंचे पत्रे वळवाच्या वाऱ्यात उडाले. पंचनामा वेळेवर झाला. पण घर अजून वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर होतं. ताईंचे पती वारून सहा वर्षं झाली होती, दोन दीर पुण्याला. वारसांच्या सह्या गोळा करण्यात अख्खा पावसाळा गेला. त्या पावसाळ्यात ताई आणि त्यांच्या दोन मुली गोठ्याच्या अर्ध्या भागात राहिल्या. पुढे त्यांनी ग्रामपंचायतीत वारसनोंद करून घेतली, पण ती आधी झाली असती तर मुलींची शाळा दोन महिने बुडाली नसती.

म्हणून ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा उतारा काढून बघा. घर कोणाच्या नावावर आहे? तुमचं नाव त्यात आहे का? नसेल तर ते लावून घ्यायला काय कागद लागतात हे ग्रामसेवकाला विचारा. काम झालं की छपराचे आतून आणि बाहेरून फोटो काढून ठेवा. सामानाच्या पावत्या पासबुकाच्या पिशवीत ठेवा. नुकसान झालंच, तर आधी घर कसं होतं हे दाखवता येतं.

बैठकीत हे करा

घरात पाणी कुठे गळतं हे बाईला पाठ असतं. कोणत्या जागी पातेलं ठेवायचं, कोणत्या बाजूला मुलाचं दप्तर ठेवायचं नाही, हे ती डोळे मिटून सांगेल. पण मिस्त्रीशी बोलणं घरातले पुरुष करतात आणि तिला कोणी विचारत नाही. म्हणून काम ठरताना तिथे उभ्या राहा. आतून केलेल्या खुणा दाखवा, वॉशर नवे घातले का ते विचारा. पैसे तुमच्या कर्जाचे आहेत, तेव्हा विचारायला लाजू नका.

माझी सगळ्या गटांना विनंती आहे की डिसेंबरची एक बैठक कोणाच्या ओट्यावर बसून घेऊ नका. त्या दिवशी दुपारी सगळ्याजणींनी मिळून एकेकीच्या घरी जा. दार लावा, ठिपके मोजा, वायर बघा, कोणत्या घराला काय लागणार ते वहीत लिहा. मग ठरवा, जानेवारीत कोणाला कर्ज द्यायचं आणि फेब्रुवारीत कोणाला. सगळ्याजणी मिळून वॉशर आणि हुक एकदम आणले तर दुकानदाराशी भावही करता येतो. एकच मिस्त्री ओळीने चार घरं करेल, तर त्याचंही जाणं-येणं वाचतं आणि तो दर कमी लावतो.

ज्या तायांच्या घरी वर चढायला कोणी नाही, त्यांचं घर यादीत पहिलं लिहा.